मेडिकलच्या लायसन्सवर नाव लावण्याआधी: फार्मासिस्टने तास, सुट्टी आणि पगार कसा ठरवून घ्यावा

डी. फार्म किंवा बी. फार्म झालं, फार्मसी कौन्सिलचं रजिस्ट्रेशन हातात आलं की पहिला फोन हमखास ओळखीतल्याच कुणाचा तरी येतो. "ताई, आमच्या मेडिकलला फार्मासिस्ट पाहिजे. काम काही फार नाही." पगार किती, हे विचारायच्या आधी दोन गोष्टी विचारा. दुकान किती ते किती उघडं असतं? आणि लायसन्सवर आणखी कुणाचं नाव आहे?

मी कराडमध्ये हॉस्पिटलसमोरच्या एका मेडिकलमध्ये सुरुवात केली, पुढे पुण्यात साखळी दुकानात काउंटर सांभाळला, आता सांगलीत एका हॉस्पिटलच्या औषध विभागात आहे. तिन्ही ठिकाणी भांडणाचं मूळ एकच दिसलं. औषधांचा कायदा म्हणतो, दुकान चालू आहे तोवर फार्मासिस्ट हवा. कामगार कायदा म्हणतो, एका माणसाला इतकेच तास राबवता येईल. मालक पहिला कायदा तुम्हाला ऐकवतो आणि दुसऱ्याचं नाव काढत नाही.

गणित करून बघा. सकाळी आठला शटर वर, रात्री अकराला खाली, सातही दिवस. रोजचे १५ तास, आठवड्याचे १०५. एका माणसाची आठवड्याची मर्यादा ४८ तास. दोन फार्मासिस्ट लावले तरी ९६च होतात, नऊ तास उघडे पडतात. आणि लायसन्सवर नाव तुमचं एकटीचं असेल, तर उरलेल्या सत्तावन्न तासांत प्रिस्क्रिप्शनवर गेलेली प्रत्येक स्ट्रिप कागदोपत्री तुमच्याच देखरेखीखाली गेलेली असते. तुम्ही तेव्हा घरी पोळ्या लाटत असाल, पण कागद तसं म्हणत नाही.

औषधांचा कायदा तुमच्याकडून काय मागतो

फार्मसी कायदा १९४८, कलम ४२: डॉक्टरच्या चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टशिवाय कुणी द्यायचं नाही. औषध नियम १९४५ मधला नियम ६५ तेच जरा सविस्तर सांगतो: फार्मासिस्टने स्वतः द्यावं किंवा त्याच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली दिलं जावं. 'प्रत्यक्ष' म्हणजे दुकानात हजर. फोनवर "हो, दे ती" म्हणणं देखरेखीत बसत नाही. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्सनी पांढरा कोट आणि नाव व नोंदणी क्रमांकाचा बिल्लाही घालायला सांगितला आहे.

इन्स्पेक्टर आला की तो काय बघतो? आधी कोट घातलेला माणूस. मग भिंतीवरचं लायसन्स आणि त्यावरचं नाव. मग बिलांवरची सही, शेड्यूल एच-वनचं (ज्यांच्या विक्रीची वेगळी नोंद ठेवावी लागते त्या औषधांचं) रजिस्टर, फ्रिजचं तापमान. फार्मासिस्ट जागेवर नसेल तर तसा शेरा तपासणी वहीत, म्हणजे फॉर्म ३५ मध्ये, पडतो आणि मागोमाग कारणे दाखवा नोटीस येते. लायसन्स मालकाचं निलंबित होतं हे खरं, पण कौन्सिलकडे तक्रार गेली तर ती तुमच्या नावावर जाते.

म्हणून सर्टिफिकेट 'लावून' घरी बसायचं आणि महिन्याला काही हजार घ्यायचे, हा व्यवहार करू नका. ज्यांनी केलाय ते "सगळेच करतात" म्हणतील. पण त्या दुकानातून नार्कोटिक औषध भलत्या माणसाच्या हाती गेलं, तर पोलिसांच्या कागदात नाव कुणाचं येईल याचा विचार करा. शिवाय याच भाड्याच्या सर्टिफिकेटांमुळे प्रत्यक्ष काउंटरवर उभं राहणाऱ्याचा पगार पडलेला आहे. मालक सरळ म्हणतो, "नाव लावायला मला निम्म्यात माणूस मिळतो."

२०१२ मध्ये महेश झगडे अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त असताना फार्मासिस्टच्या हजेरीचा आग्रह धरला गेला. तेव्हा राज्यातल्या औषध विक्रेत्यांनी निषेध म्हणून एकाच पाळीत दुकानं उघडण्याचं हत्यार उपसलं होतं. फार्मासिस्ट एकच असेल तर दुकान एका पाळीपुरतंच चालतं, हे त्यांनी स्वतःच दाखवून दिलं. मालकाशी बोलताना मी हा दाखला अजूनही वापरते.

कामगार कायदा तुम्हाला काय देतो: आधी डोकी मोजा

महाराष्ट्रात खासगी मेडिकल, साखळी दुकान, खासगी हॉस्पिटल या सगळ्यांना लागतो तो २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा. १९ डिसेंबर २०१७ पासून तो लागू आहे. (सरकारी दवाखान्यातल्या औषध निर्माण अधिकाऱ्यांचं सेवा नियमांवर चालतं, त्यांच्यासाठी हे नाही.) मूळ कायद्यात दहा किंवा जास्त कामगार असतील तिथे तासांची कलमं लागू होती: दिवसाला ९ तास, आठवड्याला ४८, सलग पाच तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती, आणि विश्रांती धरून दिवसाचा एकूण पसारा साडेदहा तास.

सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने यात बदल मंजूर केले आणि पुढे अध्यादेश निघाला. आता दिवसाला १० तास, विश्रांती सहा तासांनंतर, पसारा १२ तास, तीन महिन्यांतला ओव्हरटाइम १२५ ऐवजी १४४ तासांपर्यंत, आणि हे सगळं वीस किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी. आठवड्याचे ४८ तास मात्र तसेच राहिले.

हा शेवटचा आकडा घट्ट धरून ठेवा. "आता कायद्यानेच दहा तास झालेत" असं सांगून सहा दिवस दहा-दहा तास उभं करणारे भेटतील. सहा दाहे साठ. त्यातले ४८ वजा केले की दर आठवड्याला बारा तास ओव्हरटाइम, आणि त्याचा दर दुप्पट. तिमाहीत तेरा आठवडे धरले तर ओव्हरटाइम १५६ तास होतो, म्हणजे नव्या वाढीव मर्यादेच्याही वर. दहा तासांची रोजची पाळी कायमची लावणं नव्या कायद्यातही बसत नाही.

पैशात किती होतं तेही काढा. सोपं जावं म्हणून पगार २०,८०० धरू. २६ दिवसांनी भागलं की रोजचे ८००, आठ तासांनी भागलं की तासाला १००. दुप्पट म्हणजे २००. बारा तासांचे आठवड्याला २,४००. महिन्याला साडेनऊ हजारांच्या वर जातं. पगाराच्या बोलणीत हा कागद पुढे ठेवला की "दोन हजार वाढवून देतो" याचं वजन लगेच कळतं.

सुट्ट्यांचं असं: आठवड्यातून सलग २४ तासांची सुट्टी. रविवारी दुपारी दोनला सोडलं म्हणजे साप्ताहिक सुट्टी झाली, असं नाही. सुट्टीच्या दिवशी बोलावलं तर दोन महिन्यांच्या आत बदली सुट्टी. वर्षाला आठ किरकोळ रजा. वर्षात २४० दिवस भरले तर दर वीस दिवसांमागे एक भरपगारी रजा, ती ४५ पर्यंत साठते. आणि आठ सणांच्या सुट्ट्या: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर ठरलेल्या, बाकी चार मालक आणि कामगारांनी मिळून ठरवायच्या. आमच्याकडे सांगलीत त्यातली एक गणेश चतुर्थीला जाते, त्यावर वाद होत नाही. दिवाळीच्या पाडव्याला मात्र दरवर्षी होतो.

आता खरी अडचण. मालक, तुम्ही, दोन हेल्पर आणि डिलिव्हरीचा पोरगा, एवढ्यावर चालणाऱ्या मेडिकलला ही तासांची कलमं लागूच होत नाहीत. आपल्यातले बहुतेक जण अशाच दुकानांत आहेत. मग हातात काय उरतं?

पगाराचा कायदा उरतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता लागू झाली आहे आणि तिला डोकी मोजावी लागत नाहीत. किमान वेतन, ठरलेल्या कामाच्या दिवसापलीकडच्या तासांना दुप्पट दर, महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत, आणि पगाराची स्लिप, हे एका कामगाराच्या दुकानातही मागता येतं. दुकानांसाठी किमान वेतन परिमंडळानुसार आणि कुशल-अकुशल अशा वर्गांनुसार ठरतं, त्यातला विशेष भत्ता जानेवारी आणि जुलैमध्ये बदलतो. तुम्ही कुशल वर्गातच धरल्या जाता का, हे पहिल्याच स्लिपवर बघून घ्या. हेल्परच्या वर्गात टाकलेले फार्मासिस्ट मी पाहिले आहेत.

एक्सपायरी झालेल्या मालाचे पैसे पगारातून कापणं हाही नेहमीचाच प्रकार. नुकसान तुमच्या हयगयीने झालं असेल तरच कापता येतं, आणि कापण्याआधी तुमचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं. स्टॉकिस्टने, म्हणजे घाऊक विक्रेत्याने, माल परत घेतला नाही, ही तुमची हयगय होत नाही.

सर्टिफिकेट देण्याआधी पत्र घ्या

छोट्या दुकानात कायदा जिथे कमी पडतो तिथे नेमणूक पत्र कामी येतं, आणि ते मिळवायची वेळ एकच: लायसन्सच्या अर्जाला तुमचे कागद जोडले जाण्याआधीची. त्या आठवड्यात मालकाला तुमची गरज असते. त्याचा आधीचा फार्मासिस्ट गेलेला असतो आणि असा बदल महिन्याच्या आत प्रशासनाला कळवणं ही लायसन्सची अट आहे. नाव लागलं की तुमचा जोर निम्मा होतो.

ओरिजिनल सर्टिफिकेट ठेवायला देऊ नका. दाखवायला न्या, झेरॉक्सवर 'फक्त अमुक मेडिकल, अमुक पत्ता, या दुकानाच्या लायसन्सकामी' असं लिहून तारखेसह आडवी सही करून द्या.

पत्रात हे असायला हवं. मी वापरते तो मजकूर असा:

"श्रीमती ....... (नोंदणी क्र. .......) यांची नोंदणीकृत फार्मासिस्ट म्हणून दि. ....... पासून नेमणूक करण्यात येत आहे. कामाची वेळ सकाळी ९ ते दुपारी १ व दुपारी ४ ते रात्री ८. साप्ताहिक सुट्टी गुरुवार. या वेळेव्यतिरिक्त, तसेच साप्ताहिक सुट्टी व रजेच्या दिवशी, फार्मासिस्टची जबाबदारी श्री. ....... (नोंदणी क्र. .......) यांच्याकडे राहील. तसा फार्मासिस्ट हजर नसल्यास प्रिस्क्रिप्शनवरील औषधांची विक्री बंद ठेवण्यात येईल. ठरलेल्या वेळेपेक्षा जास्त कामासाठी दुप्पट दराने मोबदला दिला जाईल."

मालकाला झोंबतं ते 'बंद ठेवण्यात येईल' हे वाक्य. कराडला दुकानाचे मालक काका म्हणाले होते, "अगं, दुपारी तू जेवायला गेलीस म्हणून काय गिऱ्हाईक परत पाठवू?" मी म्हटलं, "काका, पाठवू नका, दुपारी दुसरा फार्मासिस्ट ठेवा. नाहीतर एक ते चार शटर ओढा, गावात निम्मी दुकानं ओढतातच." त्यांनी शटर ओढलं. दुपारची झोपही झाली त्यांची.

या दुपारच्या सुट्टीत एक मेख आहे. ९ ते १ आणि ४ ते ८ म्हणजे काम आठच तास, पण दिवसाचा पसारा अकरा. मोठ्या दुकानाला जुन्या कायद्यात हे बसत नव्हतं, नव्यात बसतं. घर दुकानाच्या जवळ असेल तर चालून जातं. रोज एसटीने येत असाल तर ते मधले तीन तास स्टँडवर किंवा दुकानाच्या मागच्या खोलीत खोक्यांवर बसून काढावे लागतात आणि त्याचा पगार मिळत नाही. अशा वेळी सलग पाळीच मागा.

साखळी दुकानात पत्र न मागता मिळतं, चांगलं चार पानी. तिथे पद वाचा. 'फार्मासिस्ट' ऐवजी 'स्टोअर इनचार्ज' किंवा 'मॅनेजर' लिहिलं असेल तर थांबा. व्यवस्थापकीय आणि देखरेखीच्या पदांना दुकाने कायद्यातून सूट आहे, म्हणजे तास नाहीत, ओव्हरटाइम नाही. पण नाव मॅनेजर आणि काम दिवसभर चिठ्ठ्या वाचून औषधं देण्याचं असेल, तर तंटा झाला की प्रत्यक्ष काम काय होतं हे पाहिलं जातं. कुणाची रजा मंजूर करायचा अधिकार तुम्हाला आहे का? कुणाला कामावर घेता-काढता येतं का? नसेल तर पदाच्या पाटीवर जाऊ नका, पत्रात 'फार्मासिस्ट' शब्द घालून घ्या. पुण्यात आमच्यातल्या दोघींनी तो घालून घेतला. एचआरच्या माणसाने एक ईमेल केला, झालं.

रोजची वही

एक साधी शंभर पानी वही, दुकानाची नव्हे, स्वतःची. रोज एक ओळ. माझ्या वहीतली एक अशी: "मंगळ. आले ८.५०, गेले ९.२५. दुपार १.१० ते ३.४०. रात्री उशीर, फ्रिज बंद पडला, इन्सुलिन दुसरीकडे हलवलं. शेठनी थांबायला सांगितलं." थांबायला कुणी सांगितलं ते लिहायला विसरू नका. व्हॉट्सअॅपवर "मॅडम, आज जरा दहापर्यंत थांबा" असा मेसेज आला तर तो पुसू नका. मोबाइल बदलताना चॅट उडतं, आधी स्क्रीनशॉट काढून स्वतःला ईमेल करा. बायोमेट्रिक असेल तरी वही ठेवा. अंगठा मारून पुन्हा काउंटरवर उभं करणं मी पाहिलेलं आहे.

बिलावर सही करायची ती औषध देताना. कोऱ्या बिलबुकाच्या पानांवर आगाऊ सह्या करून जाणं ही मेडिकल लाइनमधली जुनी सवय आहे, आणि हजेरीबद्दल तुमच्या विरुद्ध जाणारा याहून भक्कम पुरावा नाही. सुट्टीच्या दिवशीच्या बिलावर तुमची सही सापडली, तर तुमची वही कोण मानेल? एच-वनच्या रजिस्टरचंही तसंच. ते तीन वर्षं जपून ठेवावं लागतं, त्यात डॉक्टर, रुग्ण, औषध आणि संख्या लिहायची असते. तुमच्या अक्षरातली नोंद तुमच्याच वेळेतली असू द्या.

रजेवर जाताना मालकाला लेखी कळवा, मेसेज चालतो: "दि. अमुक ते अमुक रजेवर आहे, या काळात दुसऱ्या फार्मासिस्टची सोय करावी." एवढ्या एका ओळीने त्या दिवसांत दुकानात फार्मासिस्ट नसल्याचा दोष तुमच्याकडून सरकतो.

आणि स्टूल मागा. दिवसभर उभं राहून पायाच्या शिरा फुगलेल्या किती जणी या धंद्यात आहेत, कुठल्याही जुन्या फार्मासिस्टला विचारा. केरळने २०१८ मध्ये आणि तामिळनाडूने २०२१ मध्ये दुकानातल्या कामगारांना बसायला मिळालं पाहिजे, असं कायद्यातच घातलं. आपल्याकडे तोवर मागूनच घ्यावं लागेल. गिऱ्हाईक नसताना बसायला कुणी हरकत घेतली तर मी "पाय दुखतात" असं सरळ सांगते.

रात्रपाळी, बायकांसाठी

मोठ्या आस्थापनेत रात्री साडेनऊ ते सकाळी सातपर्यंत बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती हवी, सुरक्षिततेची व्यवस्था हवी आणि घराच्या दारापर्यंत पोचवायची सोय हवी. संमती दिलीच असं धरून चालत नाही. हॉस्पिटलमध्ये पाळ्यांचा तक्ता लावताना "सगळ्यांना करावी लागते" म्हणतात. करा, पण गाडी कुठली आणि कितीला, हे तक्त्यावर लिहून मागा. त्रास देणारा कुणी असेल तर दहा माणसांच्या आस्थापनेत अंतर्गत समिती असलीच पाहिजे. त्याहून छोट्या दुकानातून तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते, आणि ती मालकाविरुद्धही करता येते.

नोकरी सोडताना

यात सगळ्यात जास्त जण अडकतात. राजीनामा मालकाच्या हातात दिला आणि घरी आलात, एवढ्याने नाव सुटत नाही. एफडीएच्या, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाच्या, नोंदीत तुम्ही तिथेच असता, नव्या दुकानाचा अर्ज अडतो, आणि जुन्या दुकानात काही झालं तर नोटीस तुम्हाला येते. राजीनाम्याच्या दोन प्रती काढा. एक मालकाला देऊन दुसरीवर तारखेसह सही घ्या. सही देत नसेल तर स्पीड पोस्ट करा, पावती ठेवा. मग जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या सहायक आयुक्तांच्या नावे साधं पत्र: मी अमुक तारखेपासून या दुकानात नाही, लायसन्स क्रमांक अमुक, माझं नाव कमी करावं. सोबत राजीनाम्याची प्रत. आवक-जावक टेबलावर शिक्का मारून पोच घेतल्याशिवाय तिथून निघू नका. ही पोच लॅमिनेट करावी इतकी मोलाची आहे.

राहिलेला पगार राजीनाम्यानंतर कामाच्या दोन दिवसांत द्यायला हवा, वेतन संहिता तसं सांगते. "महिना झाला की बघू" याला आधार नाही. नाही मिळाला तर थकलेल्या पगाराचा, ओव्हरटाइमचा दावा तीन वर्षांपर्यंत करता येतो. मुंबईत दुकानांच्या नोंदणीचं काम महापालिकेकडे आहे, इतरत्र कामगार आयुक्तांच्या कार्यालयाकडे. पगाराचं प्रकरण सरकारी कामगार अधिकाऱ्याकडे न्या. जाताना नेमणूक पत्र, बँकेचं पासबुक, वही, ओव्हरटाइमचा महिनावार तक्ता आणि एफडीएची पोच यांच्या झेरॉक्स एका फाइलला लावून न्या. तिथल्या बाई किंवा साहेब आधी विचारतील, दुकानात माणसं किती. हेल्पर, डिलिव्हरीवाला, हिशोबाला येणारा, सगळे मोजून ठेवा.